मेक्सिकोतलं पंक जमिनीखाली का गेलं?

मेक्सिको सिटीत १९८० च्या दशकात एक हार्डकोर बँड उभा राहिला. नाव ‘मासाक्रे ६८’, म्हणजे ‘कत्तल ६८’. २ ऑक्टोबर १९६८ रोजी, ऑलिम्पिकला दहा दिवस उरलेले असताना, त्या शहरातल्या त्लातेलोल्कोच्या चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर लष्कराने गोळीबार केला. मेले किती, यावर आजही एकमत नाही. सरकारने आधी आकडा दडपला आणि मग कित्येक वर्षं विषयच दडपला. त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी पोरं गिटार आणि ड्रम घेऊन उभी राहिली, ती हे साल नावात घेऊनच.

मेक्सिकोतलं पंक समजून घ्यायचं तर या नावापासून सुरुवात करावी, असं मला वाटतं. पंक म्हटलं की डोळ्यांसमोर लंडन येतं: उभे रंगवलेले केस, चामड्याचं जाकीट, कपड्यांना टोचलेल्या सेफ्टी पिना. मेक्सिकोतल्या पोरांनी हे सगळं उचललं, यात वाद नाही. पण न्यूयॉर्क किंवा लंडनमधल्या बँडला मोठ्या कंपनीकडे जायचं की नाही, हे ठरवायची थोडीफार तरी मुभा होती. मेक्सिकोत पंक पोचण्याआधीच सरकारने रॉक संगीताला शहराबाहेर हाकलून दिलं होतं. तिथलं भूमिगत संगीत भूमिगत झालं ते या हकालपट्टीमुळे. पुढच्या पिढीने त्याच जागेत आपलं घर बांधलं.

आधी दोन गोष्टी थोडक्यात. पंक हे १९७५ ते १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये आकाराला आलेलं रॉक. तीन-चार कॉर्ड, सरळ ठेका, लांबलचक सोलो नाहीत, आणि ‘वाजवायला शिकून मग मंचावर या’ ही अटही नाही. हार्डकोर हे त्याचं पुढचं, जास्त कडक रूप. १९८० च्या आसपास अमेरिकेत ते घडलं: वेग दुप्पट, गाणं मिनिट-दीड मिनिटाचं, गाण्यापेक्षा ओरडणं अधिक. आणि भूमिगत म्हणजे ज्याच्यामागे रेकॉर्ड कंपनी नाही, रेडिओ नाही, तिकीटबारीचं सभागृह नाही. ध्वनिमुद्रण, विक्री, कार्यक्रम, जाहिरात, सगळं वाजवणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी मिळून करायचं.

आता बंदीकडे येऊ. ११ आणि १२ सप्टेंबर १९७१ ला मेक्सिको सिटीच्या पश्चिमेला, व्हाये दे ब्राव्होजवळ अवांदारो इथे एक महोत्सव झाला. मूळ बेत मोटारींच्या शर्यतीचा, जोडीला थोडं संगीत. पण लोक इतके लोटले की शर्यतच रद्द करावी लागली. गर्दीचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत सांगितले जातात. पावसात, चिखलात पोरं रात्रभर नाचली. कार्यक्रम रेडिओवरून थेट ऐकवला जात होता. एका बँडच्या गायकाने मंचावरून शिवी हासडली आणि प्रक्षेपण तिथल्या तिथे तोडलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांत गांजा, कपडे काढून नाचणारी मुलगी आणि मधल्या गरुडाच्या जागी शांततेचं चिन्ह लावलेला राष्ट्रध्वज, एवढंच छापून आलं.

त्या वर्षीच्या जूनमध्ये मेक्सिको सिटीत विद्यार्थ्यांच्या मोर्चावर सरकारने पोसलेल्या गुंडांनी हल्ला करून अनेकांना ठार मारलं होतं. तीनच महिन्यांनी लाखभर तरुण कुणाच्या परवानगीवाचून एकत्र राहू शकतात, हे राष्ट्राध्यक्ष लुईस एचेव्हेरिया यांच्या सरकारला दिसलं, आणि ते त्यांना पेललं नाही. रॉक कार्यक्रमांना परवाने मिळेनासे झाले, मेक्सिकन रॉक रेडिओवरून गायब झालं, कंपन्यांनी अंग काढून घेतलं. कायद्याच्या पुस्तकात ‘रॉकवर बंदी’ असं कलम शोधायला गेलात तर सापडणार नाही. परवाना न देणं, पोलीस पाठवणं आणि मालकाला दम भरणं एवढ्यावर काम भागत होतं.

मग रॉक गेलं कुठे? शहराच्या कडेच्या वस्त्यांत. रिकामी गोदामं, पत्र्याच्या शेड, बंद पडलेली थिएटरं, मोकळी पटांगणं. लेखक पार्मेनिदेस गार्सिया साल्दान्या यांनी या जागांना ‘ओयोस फोंकीस’ असं नाव दिलं, म्हणजे फंकी भोकं, आणि ते चिकटलं. आत हवा नाही, बाहेर जायला एकच दार, आवाजाची यंत्रणा फाटकी, पोलिसांचा हप्ता ठरलेला. तरी गर्दी मावत नसे. या काळाबद्दल वाचताना मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की सरकारने रॉकला मध्यमवर्गीय भागातून हुसकलं आणि नकळत थेट गरिबांच्या दारात नेऊन सोडलं. १९६० च्या दशकात तिथलं रॉक बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी घरातल्या मुलांचं होतं. १९७० चं दशक संपता संपता ते मजुरांच्या, फेरीवाल्यांच्या, बेकारांच्या पोरांचं झालं.

गंमत अशी की पंक मात्र पुन्हा वरूनच आलं. परदेशी जाऊन रेकॉर्ड आणू शकणाऱ्या घरांतून. १९७० च्या दशकाच्या शेवटी डेंजरस रिदम आणि साइज हे दोन बँड मेक्सिको सिटीत वाजवू लागले. दोघेही इंग्रजीत गायचे, दोघांचा श्रोता ठरावीक. डेंजरस रिदमने पुढे नाव बदलून रित्मो पेलिग्रोसो केलं आणि लॅटिन ठेक्याकडे वळला. हे बँड वाईट नव्हते. साइजची सुरुवातीची गाणी आजही ताजी वाटतात. पण पंकचा खरा अर्थ लागला तो दुसरीकडेच.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोने जाहीर केलं की परदेशी कर्जाचे हप्ते आपण भरू शकत नाही. त्या वर्षअखेरीस महागाईचा दर शंभर टक्क्यांच्या आसपास पोचला, पेसो कोसळला, मजुरीची किंमत अर्ध्यावर येऊ लागली. याचा सर्वांत मोठा फटका बसला तो राजधानीच्या कडेच्या वस्त्यांना. पूर्वेला नेसाउआल्कोयोत्ल, ज्याला सगळे ‘नेसा’ म्हणतात. १९६३ मध्ये नगरपालिका झालेली ही वस्ती तेश्कोको तलावाच्या आटवलेल्या तळावर उभी राहिली. कोरड्या महिन्यांत खारट धुळीची वावटळ आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. नळ, गटारं, डांबरी रस्ते, सगळं लोकवस्ती दहा लाखांकडे सरकली तरी अर्धवट. पश्चिमेला सांता फे, म्हणजे वाळूच्या खाणी आणि शहराच्या कचऱ्याचे डोंगर. आज तिथे कंपन्यांचे काचेचे मनोरे आहेत.

(जाता जाता एक मराठी धागा. याच तेश्कोको परिसरातल्या चापिंगोच्या शेतकी महाविद्यालयात १९२० च्या दशकात विदर्भातले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे शिकवत होते. मक्यावर आणि गव्हावर त्यांनी संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरांच्या भित्तिचित्रात ते आजही दिसतात. पंकशी त्यांचा संबंध नाही. पण ‘सरकारची वाट न बघता लोकांनी आपल्या शाळा चालवाव्यात’ ही कल्पना त्या मुलखाला नवी नव्हती, एवढं त्यावरून कळतं.)

या वस्त्यांतल्या पोरांच्या टोळ्या असत. त्यांना ‘बांदा’ म्हणायचे. सांता फे आणि ताकुबाया भागातले ‘पांचितोस’, नेसातले ‘मिएर्दास पंक’. काही टोळ्या नुसत्या मारामाऱ्या करत, काही संगीतापायी एकत्र आलेल्या, बहुतेक दोन्ही. पोलिसांना मात्र फरक पडत नव्हता. ‘रासिया’ नावाचा प्रकार नेहमीचा होता: गाडी यायची, कोपऱ्यावर उभी असलेली पोरं उचलायची, केस बघायचे, खिसे झाडायचे, बडवायचं आणि पैसे घेऊन सोडायचं. १९७६ ते १९८२ या काळात शहराचे पोलीसप्रमुख होते आर्तुरो दुरासो. या माणसाने पोलीसखात्यात राहून पॅसिफिकच्या किनाऱ्यावर ग्रीक देवळाच्या धर्तीचा, खांबाखांबांचा महाल बांधला. पुढे तो भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. पंक गाण्यांत पोलीस इतक्या वेळा का येतात, हे यानंतर वेगळं सांगायला नको. ज्याने रोज संध्याकाळी मार खाल्ला आहे, तो त्याबद्दल गाणारच.

नेसाच्या या पोरांचं जगणं बघायचं असेल तर सारा मिंतर यांची १९८७ ची व्हिडिओ-फिल्म ‘नादिए एस इनोसेंते’ शोधून बघावी. त्यात मिएर्दास पंक टोळीतली पोरं स्वतःच स्वतःच्या भूमिका करतात. मिंतर यांनी त्यांना ना गुन्हेगार ठरवलं, ना बिचारे. पोरं भटकतात, भांडतात, हसतात, कचऱ्याच्या आणि धुळीच्या मोकळ्या माळावर नाचतात. जवळजवळ वीस-बावीस वर्षांनी मिंतर परत त्याच लोकांकडे गेल्या आणि दुसरी फिल्म केली. मेक्सिकन पंकबद्दल पुढे बरंच लिहिलं गेलं, पण इतक्या जवळून पाहिलेलं थोडंच.

आता संगीताकडे. रेबेल्ड पंक, सिंद्रोमे देल पंक, शेनोफोबिया, इस्तेरिया, अतोक्सिको, एस्पेसिमेन, ग्वादालाहारातला सेदिसिओन, सीमेवरच्या तिहुआनातला सोलुसिओन मोर्ताल. शिवाय सान फेलिपे वस्तीचा झेंडा मिरवणारा पोलो पेपो. या सगळ्यांचा आवाज एकसारखा नाही, तरी काही खुणा सारख्या आहेत. पहिली खूण ठेक्याची. ब्रिटनमधल्या डिस्चार्ज या बँडने एक विशिष्ट ठेका रूढ केला, ज्याला ‘डी-बीट’ म्हणतात. साध्या सरळ पंकमध्ये खालचा मोठा ड्रम आणि वरचा कडक स्नेअर आळीपाळीने पडतात, धप-टाक, धप-टाक. डी-बीटमध्ये मोठ्या ड्रमचा एक जादा ठोका स्नेअरच्या आधी किंचित लवकर घुसतो, त्यामुळे गाणं सतत पुढे कलंडत असल्यासारखं वाटतं, ऐकणाऱ्याला उसंत मिळत नाही. मेक्सिकोतल्या बऱ्याच हार्डकोर बँडांनी हा ठेका आपलासा केला.

दुसरी खूण भाषेची. इंग्रजी सोडून स्पॅनिशमध्ये गायला बळ मिळालं ते स्पेनमधल्या बास्क प्रदेशातल्या एस्कोर्बुतो आणि ला पोया रेकॉर्ड्स या बँडांमुळे. त्यांच्या कॅसेटी लॅटिन अमेरिकेत हातोहात फिरल्या. कारखान्यांच्या गरीब गावांतली पोरं आपल्याच भाषेत, आपल्याच बोलीत सरकारला, पाद्र्यांना आणि पोलिसांना शिव्या देतायत, हे ऐकून मेक्सिकोतल्या पोरांना वाटलं, हे आपल्यालाही जमेल. गाण्याची बांधणीही तशीच झाली: एकट्याने ओरडलेल्या चार ओळी, मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं एक वाक्य. ते वाक्य दुसऱ्यांदा येतं तेव्हा अख्खं पटांगण म्हणत असतं. शब्द पाठ असायला कागद लागत नाही.

तिसरी खूण म्हणजे खरखर. ती बरीचशी गरिबीची खूण आहे, आणि तिला उगाच सौंदर्याचा मुलामा देऊ नये असं माझं मत आहे. गिटार उसनी, अ‍ॅम्प्लिफायर भाड्याचा, तोही फुटेस्तोवर ताणलेला. बऱ्याच जुन्या ध्वनिमुद्रणांत बास ऐकूच येत नाही, कारण साध्या टेपरेकॉर्डरच्या मायक्रोफोनला तो पकडताच येत नव्हता. पण हेही खरं, की त्या आवाजाची सवय झाली की स्टुडिओत घासूनपुसून काढलेलं पंक पांचट वाटायला लागतं.

कार्यक्रमाला ‘तोकादा’ म्हणतात. कुणाच्या तरी घरामागचं अंगण, वस्तीतला रस्ता, फार तर एखादी शेड. वीज तारेवर आकडा टाकून घेतलेली. पाच-सहा बँड, प्रत्येकाला वीस मिनिटं, ड्रमचा संच सगळ्यांत मिळून एक. समोर ‘स्लॅम’ चाललेला असतो, म्हणजे गोल फिरत एकमेकांच्या अंगावर आपटत केलेला नाच. बाहेरून बघणाऱ्याला ती मारामारी वाटते. पण त्यातही शिस्त असते: कुणी खाली पडला की सगळ्यांत जवळचे हात त्याला लगेच उभा करतात.

आणि हे सगळं लोकांपर्यंत पोचायचं कसं? कॅसेटीवरून. दोन खणांच्या टेपरेकॉर्डरवर एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. चौथ्या प्रतीपर्यंत वरचे सूर झडून जायचे आणि मागे सूं-सूं आवाज उरायचा. वेष्टण म्हणजे हाताने काढलेल्या चित्राची झेरॉक्स, घडी घालून कात्रीने कापलेली. टपालाने या कॅसेटी ब्राझील, फिनलंड, इटली, अमेरिकेला जायच्या आणि तिकडच्या यायच्या. जगभरच्या हार्डकोर मंडळींत एक युक्ती चाले. पाकिटावरच्या तिकिटांवर गोंदाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे टपालखात्याचा शिक्का गोंदावर बसतो. मिळालेली तिकिटं पाण्याने धुवून, वाळवून पुन्हा वापरायची. कॅसेटीसोबत फॅनझिन असत: टाइपरायटरवर लिहिलेली, कातरणं चिकटवलेली, झेरॉक्स काढलेली चोपडी. मुलाखती, पत्ते, कवितांबरोबर अण्वस्त्रांबद्दल, लष्करी भरतीबद्दल, गर्भपाताच्या हक्काबद्दल लेख. शाळा सुटलेल्या पोरांचं बरंचसं राजकीय वाचन या चोपड्यांतून झालं.

या सगळ्याचं एक ठिकाण मात्र पक्कं झालं, आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ते म्हणजे चोपो. मेक्सिको सिटीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीहून सुटे भाग आणून उभारलेली लोखंड-काचेची एक इमारत आहे. पूर्वी तिथे निसर्गविज्ञान संग्रहालय होतं आणि मध्यभागी डायनोसॉरचा प्रचंड सांगाडा. पुढे ती राष्ट्रीय विद्यापीठाच्या ताब्यात आली आणि चोपो विद्यापीठ संग्रहालय झालं. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये, लेखिका आंखेलेस मास्त्रेत्ता तिथल्या संचालक असताना, होर्खे पांतोखा यांच्या पुढाकाराने तिथे जुन्या रेकॉर्डांच्या देवघेवीचा बाजार भरला. बेत होता थोड्याच आठवड्यांचा. पण ज्यांना वर्षानुवर्षं रॉकच्या रेकॉर्डा मिळत नव्हत्या, ते शहराच्या कानाकोपऱ्यातून आले आणि दर शनिवारी येतच राहिले. दोनेक वर्षांत बाजार इमारतीबाहेर रस्त्यावर आला. मग शेजाऱ्यांच्या तक्रारी, पोलिसांच्या धाडी, जागेमागून जागा बदलणं. १९८८ मध्ये तो बुएनाव्हिस्ता रेल्वे स्थानकाशेजारच्या आल्दामा रस्त्यावर स्थिरावला आणि आजही तिथेच भरतो.

आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखाच तो. दोन्ही बाजूंना लोखंडी सांगाडे, वर ताडपत्र्या, मधून जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. टी-शर्ट, बूट, पट्टे, बिल्ले, रेकॉर्डा. पुढे चालत गेलं की दुकानं विरळ होतात आणि बाजाराचं मूळ रूप दिसतं: रेकॉर्डा, सीडी, कॅसेटी काखेत घेऊन नुसते उभे असलेले लोक. विकायला नाही, बदलून घ्यायला. एकजण दुसऱ्याच्या हातातली रेकॉर्ड उलटीसुलटी करून बघतो, कव्हरमधून अर्धी बाहेर काढून उजेडात तिरकी धरतो, चरे मोजतो, मान हलवतो. पैसा मध्ये येत नाही. पंक मंडळींचा अड्डा पूर्वापार बाजाराच्या शेवटच्या टोकाला. जमिनीवर चादर पसरून फॅनझिन, पत्रकं, कापडी पट्ट्या मांडलेल्या. येत्या आठवड्यात कुठल्या वस्तीत कुणाच्या अंगणात तोकादा आहे, हे मोबाइल नव्हते तेव्हा तिथेच कळायचं. चोपो नसता तर नेसातल्या पोराला सान फेलिपेतला पोरगा कधी भेटला नसता; दोघांच्या टोळ्या एकमेकांच्या हद्दीत पाऊल टाकू देत नव्हत्या.

टोळीचं मंडळात रूपांतर व्हायला मात्र आणखी काही गोष्टी घडाव्या लागल्या. १९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी झालेल्या भूकंपात मेक्सिको सिटीत हजारो माणसं गेली. सरकार गोंधळलेलं, आणि लोक स्वतः साखळी करून ढिगारे उपसत होते. आपण आपलं निभावू शकतो, हा विश्वास शहरात त्या दिवसांत आला. पुढे ६ जुलै १९८८ च्या निवडणुकीत विरोधी उमेदवार क्वाउतेमोक कार्देनास पुढे असल्याच्या बातम्या येत असताना मोजणीची संगणक यंत्रणा ‘बंद पडली’, आणि सुरू झाली तेव्हा सत्ताधारी पक्षाचे कार्लोस सालिनास जिंकलेले होते. मतपेटीवरचा उरलासुरला विश्वास तिथे गेला.

याच सुमारास बरीच पंक पोरं अराज्यवादाकडे, म्हणजे कुणीही कुणावर सत्ता गाजवू नये आणि लोकांनी आपापसांत सहकार्याने कारभार करावा या विचाराकडे, गंभीरपणे वळली. शहरात ‘बिब्लिओतेका सोसिआल रेकोन्स्त्रुइर’ नावाचं एक वाचनालय होतं. ते १९७८ मध्ये रिकार्दो मेस्त्रे यांनी सुरू केलं होतं. मेस्त्रे हे स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध लढून, हरून, मेक्सिकोत आसऱ्याला आलेले जुने अराज्यवादी. ऐंशीच्या घरातल्या या माणसाकडे खिळे ठोकलेली जाकिटं घातलेली पोरं येऊन पुस्तकं मागू लागली, आणि त्यांनी ती दिली. मेक्सिकोचा स्वतःचा वारसाही होताच. १९०० साली ‘रेखेनेरासिओन’ हे वर्तमानपत्र काढणारे आणि १९२२ मध्ये अमेरिकेच्या तुरुंगात मरण पावलेले रिकार्दो फ्लोरेस मागोन पंक फॅनझिनांच्या मुखपृष्ठांवर दिसू लागले. पुढे १ जानेवारी १९९४ ला, उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार लागू झाला त्याच दिवशी, दक्षिणेकडच्या चियापास राज्यात झापातिस्ता आदिवासींनी उठाव केला, तेव्हा पंक मंडळांनी निधीसाठी कार्यक्रम केले, धान्य आणि औषधं गोळा केली. दर वर्षी २ ऑक्टोबरच्या मोर्चात काळे कपडे घातलेली एक तुकडी आजही असते.

बायकांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण या इतिहासात त्यांना फार मागे ठेवलं जातं. १९८० च्या दशकात मुलीने पंक होणं म्हणजे पोलीस, घर आणि स्वतःच्या टोळीतली पोरं अशा तिन्ही आघाड्यांवर लढणं होतं. रस्त्यावर पोलीस पोरांना बडवत. मुलींना त्याहून वाईट भीती होती. त्या दशकाच्या शेवटी ‘चावास आक्तिव्हास पंक्स’ हा गट उभा राहिला, ‘व्हिर्खिनिदाद साकुदिदा’ हा मुलींचा बँड वाजवू लागला. त्यांनी फॅनझिनांतून बलात्कार, गर्भपात, घरकाम या विषयांवर लिहिलं आणि ‘तुमची क्रांती मोर्च्यात असते, घरी भांडी कोण घासतं?’ हा सवाल आपल्याच मित्रांना विचारला. माझ्या मते त्या काळातलं सर्वांत धाडसाचं काम हेच होतं. पोलिसाला शिवी देताना सगळी टोळी पाठीशी असते. मित्राला जाब विचारताना पाठीशी कुणी नसतं.

१९८६-८७ पासून रेकॉर्ड कंपन्यांनी ‘तुझ्या भाषेतलं रॉक’ अशी मोठी मोहीम काढली. काइफानेस आणि इतर बँड रेडिओवर, दूरदर्शनवर आले, मोठ्या सभागृहांची दारं उघडली. अवांदारोनंतरची बंदी अशी हळूहळू विरली. चांगलं झालं. पण उघडलेल्या दारातून पंक आणि हार्डकोर आत गेलं नाही. कंपन्यांना ते नको होतं, आणि एव्हाना त्यालाही कंपन्यांची गरज उरली नव्हती: बाजार होता, टपाल होतं, तोकादा होत्या.

सीमेपलीकडेही एक जग होतं. शिकागोच्या पिल्सेन या मेक्सिकन वस्तीत १९९१ मध्ये ‘लोस क्रुदोस’ हा बँड निघाला. गायक मार्तिन सोरोंदेगी जन्माने उरुग्वेचा, वाढला पिल्सेनमध्ये. गोऱ्या पोरांनी भरलेल्या अमेरिकन हार्डकोरमध्ये ते हट्टाने स्पॅनिशमध्ये ओरडत राहिले: स्थलांतरितांवरचे कायदे, सीमा, पोलीस. एका गाण्याआधी सोरोंदेगी गाण्याहून जास्त वेळ बोलायचा, गाणं कशाबद्दल आहे ते समजावायचा. लोस क्रुदोस मेक्सिकोत येऊन वाजवून गेले आणि तिथल्या बँडांना अमेरिकेत जायच्या वाटा खुल्या झाल्या. सीमेच्या दोन्ही बाजूंची पोरं एकच गोष्ट सांगतायत, हे तेव्हा दोघांनाही दिसलं.

दोष लपवायचे नाहीत. बेकार पोरांच्या वस्त्यांत गोंद आणि रंगाचा थिनर हुंगण्याचं व्यसन होतं, त्याने किती तरी पोरं वाया गेली. टोळ्यांचे खून पडले. ‘पोर्तासो’ हा प्रकार तर आयोजकांचा जीव घ्यायचा. बाहेर शंभर-दोनशे पोरं जमायची, एकदम दार ढकलून फुकट आत घुसायची. तिकीट दोन-चार पेसो असो वा मोठ्या सभागृहाचं, त्यांना सारखंच. मंडळांनी निधीसाठी केलेले कार्यक्रम यामुळे तोट्यात गेले, मैत्र्या तुटल्या. आणि मार्च २००८ मध्ये केरेतारो शहरात शेकडो तरुणांनी मिळून ‘इमो’ पोरांना, म्हणजे केस डोळ्यांवर सोडणाऱ्या, हळव्या संगीताच्या चाहत्यांना, चौकात गाठून मारलं; हल्ल्यांचं लोण राजधानीपर्यंत आलं. मारणाऱ्यांत पंकचा पेहराव केलेलेही होते. केसांवरून मार खाल्लेल्यांच्या पुढच्या पिढीने केसांवरून मारलं, याची लाज तिथल्या अनेक जुन्या पंक लोकांनाही वाटली.

२००० नंतरचं चित्र जास्त विखुरलेलं आहे. राजधानीत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘फोरो आलिसिआ’ने लहान बँडांना नीट मंच आणि हाताने छापलेली देखणी पोस्टरं दिली. मोंतेर्रेतून रातास देल वातिकानो हा बँड आला. मेक्सिको सिटीत इन्सेर्विब्लेस आणि तेर्सेर मुंदो यांनी हार्डकोरला पुन्हा खडबडीत, गुदमरवणारं केलं. त्यांच्या रेकॉर्डा परदेशी छोट्या कंपन्यांनी काढल्या, म्हणजे टपालाचा जुना रस्ता वेगळ्या रूपात चालूच आहे. पण भीतीही नवी आली. २०११ च्या मे महिन्यात मोंतेर्रेच्या जुन्या भागातल्या कॅफे इग्वाना या रॉकच्या ठिकाणी बंदूकधाऱ्यांनी चार जणांना मारलं, आणि अमली पदार्थांच्या युद्धाच्या त्या वर्षांत तिथलं रात्रीचं संगीत जवळजवळ थांबलं. पोरं पुन्हा घरांच्या अंगणांत, गच्च्यांवर वाजवू लागली.

ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी क्रम असा सांगेन. आधी साइज, म्हणजे वरून आलेलं पंक कसं होतं ते कळेल. मग रेबेल्ड पंक. तिथे भाषा बदलते आणि आवाजात वस्ती ऐकू येते. मग मासाक्रे ६८ आणि अतोक्सिको लागोपाठ, शक्यतो हेडफोन न लावता, कारण हे संगीत खोलीत भरण्यासाठी आहे. त्यानंतर लोस क्रुदोस, आणि शेवटी इन्सेर्विब्लेस. यातलं बरंचसं जुन्या कॅसेटीवरून उतरवून चाहत्यांनी यूट्यूबवर ठेवलं आहे. स्पॅनिश येत नसेल तर एखाद्या गाण्याचे शब्द शोधून समोर ठेवा. दीड मिनिटाचं गाणं असतं, तीनदा ऐकलं की सगळ्यांनी मिळून म्हणायची ओळ तुम्हालाही पाठ होईल.